माझ्या गळ्यातला बर्फ

मी कार्बोरेटर बोलतोय. मेकॅनिक लोक मला काबरेटर म्हणतात, त्याचं मला काही वाटत नाही. मान देऊन म्हटलं की झालं. इंजिनाला नुसतं पेट्रोल देऊन भागत नाही, नुसत्या हवेवरही ते चालत नाही. दोन्ही नेमक्या मापात कालवून द्यावं लागतं आणि ते काम माझं. आताच्या गाड्यांना म्हणे माझी गरज उरली नाही. नसेल. पण माझ्याएवढं जग त्यांच्यातल्या कुणी पाहिलंय, ते आधी दाखवा आणि मग माझ्याशी बोला.

माझा जन्म वितळलेल्या धातूतून झाला. साच्यात ओतला, घासला, भोकं पाडली, स्क्रू लावले, झालो मी तयार. तिथलं फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्याच्या जीपवर.

दगडूअण्णा त्या जीपचे ड्रायव्हर. साहेब लोकांना कल्याण स्टेशनवरून आणायचं, कुणाला लागलं-खुपलं तर दवाखान्यात न्यायचं, कामगारांपैकी कुणाच्या पोराचं लग्न असलं तर साहेबांना विचारून नवरदेवाला मिरवायचं. या सगळ्या धावपळीत जीप कधी वाटेत बंद पडली नाही. त्याचं श्रेय अण्णा मला द्यायचे. "इंजिन काय, लोखंडाचा गोळा. अक्कल सगळी ह्याच्यात," असं चारचौघांत सांगायचे. मीही ते मनावर घेतलं. कुणीही घेतलं असतं.

रविवारी अण्णा मला उतरवून रॉकेलमध्ये धुवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. फक्त त्यांची मुलगी विनिता शेजारी फतकल मारून बसलेली असायची. माझं जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं तो पितळी तुकडा, ती डोळ्याला लावायची आणि उजेडाकडे बघायची. "अण्णा, एवढ्याशा भोकावर जीप चालते?" असं तिने निदान शंभरदा विचारलं असेल. पुढे हीच मुलगी ठाण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवायला लागली. ते माझ्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. तिला विचाराल तर ती कदाचित दुसरं काही सांगेल.

जीप मोडीत निघाली तेव्हा अण्णांनी साहेबांकडे दुसरं काही मागितलं नाही, मला मागितलं. ठाकुर्लीच्या घरात शोकेसमध्ये विनिताच्या बक्षिसांशेजारी माझी जागा ठरली. पाहुणे आले की अण्णा आधी मला दाखवायचे, मग बक्षिसं. मान होता, नाही असं नाही. पण पेट्रोलचा वास नाही, हवेचा झोत नाही. नुसतं चहा पिणाऱ्या माणसांकडे बघत बसायचं. कामाची सवय असलेल्याला हे फार जड जातं.

आणि एके दिवशी विनिताने शोकेसचं दार उघडलं आणि मला उचललं. "अण्णा, ह्याला नेते. रोनाल्डच्या विमानाला लावून बघायचाय."

अण्णा खुर्चीतून उठलेच. "विमानाला? आपला काबरेटर?"

"अजून ठरलं नाही. बघायचं म्हणतेय."

"त्यात बघायचं काय," अण्णा म्हणाले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं की आमचा काबरेटर आता उडणार.

रोनाल्ड हा विनिताचा कॉलेजातला मित्र, ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याचा फॅब्रिकेशनचा गाळा होता. दिवसा तो लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी जिने बनवायचा आणि उरलेल्या वेळात विमान. हो, विमान. पाइपचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, दोन माणसं बसतील एवढं. उडवण्याचं शिक्षण त्याने रीतसर घेतलेलं होतं आणि कागदपत्रांसाठी खेटे घालून चपला झिजवून झाल्या होत्या. इंजिन विनिताने भंगारातून निवडून नव्यासारखं केलं होतं. अडलं होतं ते फक्त कार्बोरेटरवर.

कारण रोनाल्डनेही एक मागवला होता. परदेशी, चकचकीत, हलका. त्याला पोटच नव्हतं. मला पोट आहे. खाली एक वाटी, तिच्यात पेट्रोल साठतं, त्यावर फ्लोट तरंगतो. त्यामुळे टाकी भरलेली असो की तळाला गेलेली असो, माझं माप बदलत नाही. त्या पाहुण्याकडे नुसती एक सरकती पट्टी. ती मागेपुढे झाली की हवा आणि पेट्रोल दोन्ही कमीजास्त. पोट नसलेल्याचा भरवसा काय धरायचा, असं मला तेव्हा वाटलं.

रोनाल्डच्या बायकोने, ग्रेसने, घरून भाजी मोजायचा काटा आणला आणि आम्हा दोघांना त्यावर ठेवलं. मी जवळजवळ दुप्पट भरलो.

"बघ ना यार," रोनाल्ड म्हणाला, "हा नुसता ठोकळा आहे."

"असू दे ठोकळा. भरवशाचा आहे," विनिता म्हणाली. मग तिने फ्लोटचं सांगितलं, मापाचं सांगितलं, सुटे भाग इथे मिळतात हे सांगितलं. सगळं खरं होतं. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. अण्णांचा कार्बोरेटर आभाळात जावा, एवढंच तिच्या मनात होतं. माझ्या तरी मनात दुसरं काय होतं?

रोनाल्डने हात वर केले. "मी बोललेलो ना, इंजिन तुझं डिपार्टमेंट. तू बोलशील तो."

अशी माझी निवड झाली. पाहुणा त्याच्या खोक्यात परत गेला. त्या दिवशी मी जो ताठलो, तो ताठा पुढे बरेच दिवस उतरला नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच ठरली. विमानाच्या नकाशात सायलेन्सरपासून कार्बोरेटरपर्यंत एक नळी दाखवलेली होती. सायलेन्सरभोवतीची गरम हवा त्या नळीने कार्बोरेटरला द्यायची, म्हणजे त्याच्या गळ्यात बर्फ धरत नाही. खटका ओढला की गरम हवा चालू, ढकलला की बंद.

"बर्फ?" अण्णा हसून हसून खोकायला लागले. "डोंबिवलीत? अरे, इथं माठातलं पाणी गार होईना."

"ते तिकडच्या लोकांसाठी असतं अण्णा," रोनाल्ड म्हणाला. "त्यांच्याकडे पडतो ना बर्फ."

विनिता हे वर्गात शिकवते. एका धड्यात दोन ओळी आहेत. पण तीही त्या वेळी ओढणीने मानेचा घाम पुसत होती. "काढून टाकू. तेवढंच वजन वाचेल," ती म्हणाली. ज्यांचा जन्म खाडीच्या दमट हवेत चिकचिकण्यात गेला त्यांना थंडीची भीती घातली तर ती माणसं हसणारच. मीही हसलो.

चाचण्या सुरू झाल्या. पंख न लावलेलं विमान गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत उभं करायचं, शेपूट खांबाला बांधायची आणि सकाळी, एमआयडीसीची वर्दळ सुरू व्हायच्या आत, इंजिन चालवायचं. पहिल्या दिवशी विनिताने थ्रॉटल, म्हणजे माझ्या गळ्यातली हवेची झडप, पूर्ण उघडली आणि माझ्या गळ्यातून हवा अशी काही धावली की काय सांगू. जीपवर हे सुख कधी मिळालं नव्हतं. शेजारच्या गाळ्यांतले लोक दात घासता घासता बघायला आले.

मग विमान खाली उतरताना करतात तसा तिने जोर कमी केला. थोडा वेळ ठीक चाललं. मग इंजिन अडखळलं, ठसकलं आणि बंद पडलं.

मला उघडलं. आत काही नाही. पुन्हा बसवलं, पुन्हा चालवलं, उत्तम चाललं. दुपारी चालवलं, उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी जोर कमी केला की पुन्हा तेच, ठसका आणि बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा काही नाही.

"पेट्रोलमध्ये कचरा असणार," रोनाल्ड म्हणाला.

कचरा? माझ्या पोटात? अण्णांनी ज्याला मुलासारखं धुतलं त्याच्या पोटात कचरा? मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोललो असतो. त्यांनी फिल्टर बदलला, कॅन बदलला, नळ्या बदलल्या, माझं जेट तर इतक्या वेळा फुंकलं की पितळ झिजायची वेळ आली. सकाळचा ठसका काही जाईना.

आणि वेळ नव्हता. घाटावरच्या एका धावपट्टीवर त्यांना दसऱ्यानंतरचा रविवार मिळाला होता. तो चुकला की पुढे कित्येक महिने नाही. रोनाल्ड उतावीळ झाला.

"दुपारी मस्त चालतंय ना? मग दुपारी उडवू. विषय संपला."

"आणि वर बंद पडलं तर?" ग्रेसने विचारलं. ती डबे उघडत होती.

"तरंगत उतरेन कुठेतरी."

"कुठे? झाडावर?" तिने डबा खाली ठेवला आणि विनिताकडे वळली. "तू सांग. तू बोललीस की जाऊ दे, तर मी त्याला अडवणार नाही. पण तू सांग."

विनिताने इंजिनाकडे बघितलं. तिचा घास तिच्या हातातच राहिला. मी त्या इंजिनावर बसून तिच्याकडे बघत होतो आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. माझ्याबद्दल नाही, त्या माणसाबद्दल. तो उडणार होता माझ्या जिवावर, आणि मी सकाळी सकाळी का गुदमरतो ते मला स्वतःलाच कळत नव्हतं.

खंडेनवमी आली. एमआयडीसीत त्या दिवशी गाळ्यागाळ्यात हत्यारांची पूजा असते, रोनाल्डच्या गाळ्यातही दरवर्षी होते. भिंतीवरच्या मेरीमातेच्या तसबिरीलाही झेंडूचा हार पडतो. पूजेचा मान अण्णांना. पांढरी टोपी घालून ते सकाळीच रिक्षाने ठाकुर्लीहून आले. वाटीत कुंकू कालवलं आणि पान्यांना, ड्रिलला, वेल्डिंगच्या यंत्राला, विमानाच्या पंख्याला, इंजिनाला बोटबोट लावत आले. सगळ्यात शेवटी मला. माझ्या मानेवर त्यांनी चांगला ठसठशीत टिळा लावला. "आता तरी नीट वाग," असं हळूच म्हणाले. मला फार लागलं ते.

ग्रेसने पंख्यावरचा हार काढून घेतला आणि विनिताने इंजिन चालू केलं. आधी पूर्ण जोर. मग कमी. मग ठसका. मग बंद.

एरवी रोनाल्ड पाना घेऊन धावायचा आणि मला उघडेपर्यंत दहा स्क्रू, चार शिव्या आणि बराच वेळ जायचा. त्या दिवशी तो धावला नाही. वैतागून बाहेर जाऊन उभा राहिला. विनिता तिथेच थांबून नुसती बघत राहिली. इंजिनावरचं कुंकू तापून वाळलं होतं, सायलेन्सरवरचं तर काळं पडलं होतं. माझ्या मानेवरचं मात्र ओघळत होतं. लाल पाण्याचे थेंब माझ्या पोटावरून खाली टपटपत होते.

"अण्णा, ह्याच्या कुंकवात पाणी जास्त घातलं होतं का?"

"सगळ्यांना एकाच वाटीतलं लावलं की."

तिने माझ्या मानेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "हा गार आहे. बर्फासारखा गार..." तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मग तिने माझे स्क्रू नाही काढले, फक्त हवेच्या तोंडाची पट्टी सैल करून पाइप ओढला आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. माझ्या गळ्यात, झडपेच्या भोवती, पांढरं कडं धरलं होतं.

"रोनाल्ड, इकडे ये. पळत ये."

रोनाल्डने आत बोट घातलं आणि एक कपची काढली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती त्याच्या तळहातावर विरघळली. ग्रेसने छातीवर क्रूस काढला. ऑक्टोबरच्या डोंबिवलीत, घामाने भिजलेली चार माणसं त्या पाण्याच्या थेंबाकडे बघत उभी राहिली.

कारण साधं होतं. हातावर स्पिरिट घेतलं की गार लागतं ना, तसंच माझ्या गळ्यात पेट्रोल उडून जाताना गळा गार पडतो. हवा कोरडी असेल तर काही नाही. पण इथल्या सकाळच्या हवेत पाणी किती असतं ते वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. तेच पाणी माझ्या झडपेला बर्फ होऊन चिकटायचं आणि माझा श्वास अडायचा. इंजिन बंद पडलं की तापलेल्या धातूची धग माझ्यापर्यंत पोचायची आणि बर्फ वितळून जायचा. मग उघडून बघणाऱ्याला काय दिसणार? जीपवर मी बॉनेटखाली, इंजिनाच्या उबेत असायचो. इथे उघड्या वाऱ्यावर होतो.

दसऱ्याच्या दिवशी सुट्टी न घेता त्यांनी पत्र्याची पेटी वाकवून सायलेन्सरवर बसवली आणि ती वगळलेली नळी जोडली. गरम हवा मिळाली की माझा ठसका गायब. मी निर्धास्त झालो. पण विनिता नाही झाली. पुढच्या सकाळी तिने मला उतरवून तो परदेशी पाहुणा लावला आणि गरम हवा बंद ठेवून त्याच दमट हवेत, तेवढाच वेळ चालवला. तो थोडा कुरकुरला. पण थांबला नाही. त्याच्या गळ्यात बर्फ धरायला माझ्यासारखी झडपच नव्हती, नुसती ती सरकती पट्टी.

"नळी लावली की तुझा जुना पण चालेल ना?" रोनाल्ड म्हणाला. या वेळी माझी बाजू तो घेत होता. अण्णांनी सोसायटीभर काय सांगून ठेवलंय ते त्याला ठाऊक होतं.

"चालेल. पण दर वेळी उतरायच्या आधी तुला खटका ओढावा लागेल. एकदा विसरलास की संपलं."

"मी नाही विसरणार."

"तू डबा विसरतोस, रोनाल्ड. चष्मा विसरतोस." तिने माझ्यावरून हात फिरवला. "ह्या नव्यात तुला एकदा विसरायला जागा आहे. ह्याच्यात नाही. नळी ठेवायची, आणि नवाच लावायचा."

मी जळलो, हे कबूल करतो. आयुष्यभर ज्याची अक्कल वाखाणली गेली त्याला असं उतरवून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं की जळायला होतंच.

घरी विनिताने मला टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "अण्णा, हा नाही लावला." अण्णा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, "मी लोकांना काय सांगू?"

"सांगा, मुलीने नाही म्हटलं."

हे म्हणताना तिने माझ्यावरचा हात काढला नव्हता. ते अण्णांनी पाहिलं. "जेव आता," एवढंच म्हणून ते आत गेले.

रविवारी मात्र ते सगळ्यांच्या आधी तयार झाले आणि निघताना मला कापडी पिशवीत घातलं. "ह्यालाही बघू दे," ते म्हणाले. घाटावर सकाळी ढग खाली आले होते, गवत ओलंचिंब होतं. रोनाल्डने विमान पळवलं आणि ते उचललं गेलं. ग्रेस डोळे मिटून उभी होती. अण्णांनी पिशवीचं तोंड उघडून मला वर धरलं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. ती जागा माझी होती.

दोन फेऱ्या मारून ते उतरायला वळलं. जोर कमी झाला. आणि वरून तो आवाज आला, जो आम्ही सगळे ओळखत होतो. ठसका. विनिताने ग्रेसचा दंड धरला. अण्णांची बोटं माझ्या मानेभोवती आवळली गेली. इंजिन कुरकुरलं, अडखळलं, पण थांबलं नाही. चाकं धावपट्टीला लागली.

रोनाल्ड हसत उतरला. विनिता त्याच्याकडे न जाता आधी विमानात डोकावली. खटका ढकललेलाच होता. गरम हवा बंद.

"विसरलो," रोनाल्ड म्हणाला, आणि त्याचं हसू गेलं. ग्रेसने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग त्याला घट्ट मिठी मारून रडली.

अण्णा पिशवीतल्या माझ्याकडे बघत राहिले. "बरं झालं," ते मला म्हणाले, "तुला खाली ठेवला ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विनिताला सांगितलं, "शोकेसमध्ये बसून काय करतोय हा? ने तुझ्या कॉलेजात. चीर मधोमध, पोरांना आतलं दिसू दे." विनिता नको नको म्हणत होती. शेवटी तिने स्वतःच मला वाइसच्या पकडीत धरून करवतीने उभं चिरलं. तिचे डोळे भरून आले होते, पण करवत सरळ चालली.

आता मी ठाण्याच्या प्रयोगशाळेत एका फळीवर असतो. अर्धा, पण उघडा. माझा फ्लोट, माझं जेट, माझी झडप सगळ्यांना दिसते. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा कुठल्या विमानाचा?"

"कुठल्याच नाही," विनिता म्हणाली. "हा लावला नाही, म्हणून माझा मित्र आज जिवंत आहे."

एवढा मोठा मान मला जीपवरही कधी मिळाला नव्हता. तेव्हा बाळांनो, खुशाल माझ्या गळ्यात बोट घालून बघा, मला राग येत नाही. उद्या तुम्हीही काहीतरी निवडायला बसाल, आणि कुणाचा तरी जीव त्यावर असेल. जे मनापासून आवडतं तेच बाजूला ठेवायची पाळी आली, तर आधी इथे या आणि थोडा वेळ माझ्यासमोर उभे राहा. मी उडलो नाही. रोनाल्ड दर रविवारी उडतो, आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो.